न झोंबणारं पिंप

फोटोत मिकेसचे डोळे पांढरेशुभ्र होते. लग्नाच्या कोटात अवघडून उभा, कॉलर गळ्याला काचलेली, शेजारी पांढऱ्या जाळीतून हसणारी त्याची लेक कालोतिना, आणि त्या रापलेल्या चेहऱ्यात ते दोन स्वच्छ डोळे. "बघ दादा, नीट बघ," मिकेस म्हणत होता, "सिनेमातला नट वाटतोय की नाही? तुझी कृपा रे सगळी." कॅम्पबेल गावातल्या त्या कॉफीच्या दुकानात दुपारी चार म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. बाहेर गिरणीची धुराडी दोन वर्षांपासून थंड पडलेली. स्केवोसने फोटो खिडकीकडे धरला. मेव्हण्याला काहीतरी टोला हाणायला म्हणून, नट कसला, नवरीचा टांगेवाला वाटतोयस असं काहीतरी म्हणायला म्हणून त्याने मान वर केली. फोटोच्या वर, हातभर अंतरावर, खरे डोळे होते. खिडकीचा उजेड बाजूने पडला होता आणि बुबुळांभोवतीचं सगळं पांढरं पिकत आलेल्या लिंबासारखं दिसत होतं.

काच मळकी असेल, असं त्याला आधी वाटलं. या दुकानाच्या काचा कोण पुसतंय मेलं, तंबाखूच्या धुराने पिवळ्या पडल्यात. त्याने मुद्दाम खुर्ची सरकवली, मिकेसला या बाजूला बस, त्या बाजूला बस केलं. पिवळेपणा मिकेसबरोबर सरकला. "काय रे, चैन पडेना का तुला?" मिकेस हसला. समोरची कॉफी त्याने तशीच ठेवली होती. एरवी हा माणूस कपाच्या तळाचा गाळसुद्धा बोटाने पुसून घ्यायचा. "भूकच मेलीय बघ. लग्नातले शिंपले बाधले. टार्पन बंदरातल्या चुलतभावाला सांगितलं होतं, नको पाठवूस एवढ्या लांबून, पण ऐकतोय कुठं? बर्फाची पेटी भरून पाठवली गधड्याने. दोन दिवस झाले, नुसतं मळमळतंय." शिंपले. स्केवोसने तो शब्द असा धरला, जसा निसटणाऱ्या शिडीवर दांडा धरावा. शिंपलेच असणार. लग्नात अर्ध्या गल्लीने शिंपले खाल्ले होते, स्वतः त्याने दोन ताटल्या हाणल्या होत्या, आणि अर्ध्या गल्लीचे डोळे पांढरे होते. पण हा विचार त्याने पुढे जाऊच दिला नाही.

तरी हात आपोआप नाकाकडे गेला. उजवा तळवा. आठवडा होत आला, कितीदा साबण लागला असेल त्याला, वास कुठून असणार? पण त्याला आला. गोडसर, पुसट, कुठल्याशा पिकलेल्या फळाच्या जवळचा. असा मवाळ वास की माणसाला वाटावं, हे काय करणार आहे कुणाला.

तो शुक्रवार तसा साधाच होता. टेकडीवरची पाण्याची टाकी आतून रंगवायचं काम, शेवटचे हात राहिलेले. मिकेस आत, स्केवोस टाकीच्या तोंडाशी वर. असंच ते अकरा वर्षं करत आले होते, आणि त्यांच्या बेटावर, कालिम्नोसला, त्यांचे बाप करत होते: एकाने खाली जायचं, एकाने वर दोर धरायचा. तिथं खाली समुद्र होता आणि खालचा माणूस स्पंज कापून आणायचा. इथं लोखंडी टाकी होती आणि खालचा माणूस रंगाचा फवारा घेऊन फिरायचा. पण दोर तोच, कमरेची गाठ तीच, खुणासुद्धा त्याच. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आणखी दे. तीन म्हणजे वर घे. या गावातल्या त्यांच्या लोकांनी पूल रंगवले, धुराडी रंगवली, टाक्या रंगवल्या, आणि दुसऱ्यांना आश्चर्य वाटायचं की ही माणसं न घाबरता आत कशी उतरतात. त्यात आश्चर्य काय? वर दोराला आपला माणूस असतो ना.

रंग पातळ करायला जो द्रव ते वापरायचे त्याचं हाताशी असलेलं पिंप गुरुवारी संपलं. ते झोंबायचं. टाकीत तासभर राहिलं की डोळ्यांतून धारा लागायच्या, संध्याकाळी मिकेस घरी जायचा तो रडून आल्यासारखा. त्याची बायको सेवस्ती, म्हणजे स्केवोसची धाकटी बहीण, दारातच म्हणायची, "कोण मेलं आज?" आणि त्या शुक्रवारी सकाळी मिकेस शिडीवर पाय ठेवून थांबला होता. "दादा, परवा चर्चमध्ये पोरीला हात धरून न्यायचंय. डोळे असे लाल घेऊन गेलो तर तिच्या सासरचे म्हणतील, बाप पिऊन आलाय. काही करता येईल का रे?" दुकानदाराच्या गाडीवाल्याने त्याच वेळी दुसरं पिंप आणून टाकलं होतं. नाव तेच, लांबलचक, जीभ अडखळणारं; फक्त नावाच्या आधी जिथं एकचा आकडा असायचा तिथं दोन होता. "तो संपला, हा त्याचा सख्खा भाऊ आहे," गाडीवाला म्हणाला. "एकाच आईचे. काम तेच करतो." आणि कोपऱ्यात जुनं आणखी एक पिंप होतंच, एक आकड्याचं, अर्धं भरलेलं. म्हणजे निवड होती. हेच स्केवोसला आता खात होतं. निवड नसती तर गोष्ट वेगळी.

त्याने त्यांच्या रीतीप्रमाणे केलं. दोन्हींचा एकेक थेंब तळव्यावर घेतला, चोळला, हुंगला. एकाने नाकात ठिणगी पेटवली. दुसऱ्याने काहीच केलं नाही, उलट छान वाटलं. मग त्याने दोन्हींवर वाकून डोळे उघडे ठेवून पाहिलं. पहिल्याने पाणी काढलं. दुसऱ्यावर तो बराच वेळ वाकून राहिला, डोळे कोरडे. त्यांच्या सगळ्या जमातीचा हाच हिशेब होता: जे वाईट ते चावतं, जे चावत नाही ते गरीब. "हे घे लेका," तो मिकेसला म्हणाला, "लग्नाचा आहेर समज." आणि दुसऱ्या पिंपातून डबे भरले. दिवसभर एक हिसका यायचा, ठीक आहे. दोन हिसके, आणखी दे. मिकेस आत गाणं म्हणत होता, टाकीच्या पोटातून ते घुमत वर येत होतं. तो दिवसभरात एकदाही डोळे पुसायला वर आला नाही. म्हणजे नेहमी मध्येमध्ये वर येऊन जी मोकळी हवा त्याच्या छातीत जायची, तीही त्या दिवशी गेली नाही. हे स्केवोसला कॉफीच्या दुकानात, फोटो हातात असताना, पहिल्यांदा सुचलं आणि त्याने फोटो पालथा ठेवला.

संध्याकाळी मिकेसचं डोकं चढलं होतं. उलटी झाली. टाकीतल्या दिवशी होतंच असं. तो घरी जाऊन लिटरभर दूध प्यायला, टाकीवाले सगळे पितात तसं, आणि शनिवारी उठला तो ठणठणीत. रविवारी नाचला. खांद्याला खांदा लावून सगळ्या रांगेच्या पुढे, हातात रुमाल, गुडघे असे लवचिक की पोरांनी शिट्ट्या मारल्या. झालं होतं काय त्याला? काहीच नाही. स्केवोसचे बाबा म्हणायचे, समुद्र खाली कधीच चावत नाही. खाली माणसाला बरं वाटतं, कधीकधी तर इतकं बरं वाटतं की वर यावंसं वाटत नाही. जे व्हायचं ते वर आल्यावर होतं. होडीवर बसून, पाणबुड्याचं शिरस्त्राण काढून, सिगरेट पेटवून माणूस विनोद सांगत असतो, आणि मग म्हणतो, पायाला मुंग्या आल्या वाटतं. स्केवोसने हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. ते समुद्राबद्दल आहे असं समजून ऐकलं होतं.

मामाचं तसंच झालं होतं. आईचा सख्खा भाऊ, आणि वर दोराला बाबा. मामाने तीन हिसके दिले आणि बाबांनी जिवाच्या आकांताने ओढलं, जितक्या लवकर येईल तितक्या लवकर. प्रेमानेच ओढलं की. हळू ओढायला हवं होतं; खोलातून माणूस झटक्यात वर आला की रक्तात हवेचे बुडबुडे होतात. मामा संध्याकाळी गेला. त्यानंतर आई बाबांना जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पोरंही झाली, सेवस्ती त्यानंतरचीच. पण ताट ठेवताना ती त्यांच्याकडे बघायची नाही. एकदाही नाही, मरेपर्यंत. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणायचे. सेवस्तीचं नाक, कपाळ, भुवया, सगळं आईचं होतं. स्केवोसला मरणाची भीती तशी वाटायची नाही. आपल्या बहिणीने आपल्याकडे न बघता ताट ठेवावं, याची वाटायची.

"घरी चल," तो मिकेसला म्हणाला. "सेवस्तीला डोळे दाखव."

"का? काय झालंय डोळ्यांना?" मिकेसने फोटो उचलला, आपल्याच डोळ्यांवर अंगठा फिरवला. "अरे, आयुष्यात पहिल्यांदा चांगले आलेत."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. खिडकीशी पलंग, खाली गाड्यांचा तळ, भिंतीवर रंगाचा पोपडा आलेला. दोघांनी सवयीने आधी तो पोपडा पाहिला आणि कुणी हे काम केलंय म्हणून नाकं मुरडली. डॉक्टर हेवरकँप नावाचा तरुण माणूस होता, मोठ्या हाडाचा, शेतावर वाढल्यासारखा. त्याने मिकेसची पापणी खाली ओढली, बरगडीखाली बोटं रुतवली. कावीळ आहे म्हणाला, लिव्हरला सूज आहे. दारू किती? सेवस्तीची मान खाली गेली. "लग्न होतं हो घरात," ती म्हणाली, "पण एरवी नाही." शिंपले? हो, शिंपले. कच्चे? काही कच्चे. डॉक्टरने मान डोलावली, त्याला हवं ते मिळाल्यासारखी. मग जाता जाता वळला. "रंगकाम करता ना? काय वापरता?"

मिकेसने ते लांबलचक नाव सांगितलं. आकडा सांगितला नाही. आकडा कोण सांगतं?

डॉक्टर बाहेर जाऊन फोन करून आला. "मी विचारलं. ते डोळ्यांना आणि नाकाला फार झोंबतं म्हणतात, तेवढंच. लिव्हरला त्याचं फारसं काही नाही. तुमचे डोळे झोंबले होते का?"

"छे हो!" मिकेस उठून बसला. "जराही नाही."

"मग ते नव्हे," डॉक्टर म्हणाला.

स्केवोस भिंतीला टेकून उभा होता. त्याला एकदम हलकं वाटलं. शिकलेला माणूस सांगतोय, डोळे झोंबले नाहीत म्हणजे ते नव्हे. आपण तळव्यावर चोळून जे ठरवलं तेच हा फोन करून ठरवतोय. मग आपण कशाला तोंड उघडायचं? दोन पिंपं होती, हे सांगून काय होणार? सेवस्ती विचारील, कुठलं दुसरं? कुणी दिलं? छे. शिंपले होते ते. खिशातली माळ, बोटांना चाळा म्हणून बाळगलेली, तो फिरवत राहिला आणि मणी एकावर एक आपटत राहिले.

तेवढ्यात द्रोसोस आला, मिकेसचा मुलगा, चोवीस वर्षांचा, बापाचेच खांदे. त्याने बापाचे पिवळे डोळे पाहिले आणि थट्टेत घालवायला बघितलं. "काय हो बाबा, लेक सासरी गेली म्हणून एवढं पिवळं पडायचं?"

"टाकी कोण पुरी करणार रे?" मिकेस म्हणाला. "बुधवारी पाणी भरायचंय त्यांना."

"मी आहे की."

"मग ऐक. दोन पिंपं आहेत तिथं. जुनं घेऊ नकोस, डोळ्यांची राख करतं. नवं घे, दोन आकड्याचं. मामाने शोधून काढलंय. लोण्यासारखं आहे नुसतं, आत आहे हे कळतसुद्धा नाही. आता यापुढं तेच मागवायचं."

स्केवोसने तोंड उघडलं. "मी येईपर्यंत थांब," एवढंच तो म्हणाला. "दोराला मी पाहिजे." का थांब, ते त्याने सांगितलं नाही. द्रोसोस हसला. "आपले थेमेलिसआजोबा आहेत ना दोराला, जुने टाकीवाले. तुम्ही बाबांजवळ बसा, मामा." मागून सेवस्ती म्हणाली, "बस रे दादा, तू असलास की यांना बरं वाटतं," आणि तिने त्याच्या हातात कागदाच्या पेल्यातली कॉफी दिली, नीट डोळ्यांत बघून. ती कॉफी त्याने पिऊन टाकली.

शनिवार, रविवार तो त्या खुर्चीत होता. मिकेसची कातडी दिवसागणिक गडद होत गेली. आधी लिंबू होतं ते तांब्याकडे झुकलं. दंडावर सुईच्या जागी निळेकाळे डाग पसरले. हसायचा तो हसेनासा झाला. एका नर्सला त्याने आपली मेलेली आई समजून जेवण मागितलं. सेवस्ती त्याचे पाय दाबत बसलेली. स्केवोस मनात शिंपले मोजत होता, कुणी किती खाल्ले, टार्पनहून पेटी किती दिवसांत आली, बर्फ वितळला होता का. आणि प्रत्येक हिशेबाच्या शेवटी तो तळवा नाकाशी यायचाच. सांग, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणायचं. काय सांगू, असं तो विचारायचा. जे झोंबलंच नाही ते काय म्हणून सांगू? हा प्रश्न त्याला अगदी बिनतोड वाटायचा, आणि तरी तो पुन्हा पहिल्यापासून शिंपले मोजायला लागायचा.

सोमवारी सकाळी सेवस्ती तोंड धुवायला गेली होती. मिकेस डोळे अर्धे मिटून पडलेला. त्याचा हात पांघरुणावर काहीतरी चाचपत होता, मग त्याला स्केवोसची बाही सापडली. त्याने ती मुठीत धरली आणि ओढली. एकदा. स्केवोस म्हणाला, "हं, इथंच आहे मी." दुसऱ्यांदा. "काय हवंय? पाणी?" तिसऱ्यांदा, जोराने, आणि मूठ सुटली.

तो डॉक्टरला शोधत कसा गेला ते त्याला आठवत नाही. व्हरांड्यात गाठून त्याने सगळं एका दमात सांगितलं, एक आणि दोन, तळवा, लग्न, डोळे. डॉक्टरने पेन खाली केलं. "दोन? नक्की दोन?" तो खोलीत जाऊन पुन्हा फोनवर बसला, या वेळी बराच वेळ. परत आला तेव्हा त्याचा मोठा चेहरा बारीक झाल्यासारखा दिसत होता. "तुमची माळ द्याल जरा?" त्याने तीन मणी वेगळे केले आणि माळेचं लटकन उचलून कडेच्या मण्याला लावलं. "हे एक. झोंबतं. उंदरांना याच्या वाफेत महिनोन्महिने ठेवलं, लिव्हर धड राहिलं." मग तेच लटकन त्याने मधल्या मण्याला लावलं. "हे दोन. मणी तेच, लटकन तेच. जागा बदलली फक्त. हे झोंबत नाही, वासही धड येत नाही. आणि या उंदरांची लिव्हरं…" तो थांबला. "माणसांचंही असं झालंय म्हणाले, बंद जागेत काम करणाऱ्यांचं. आधी उलटी, मग बरं वाटतं, मग आठवड्याने…"

"वाचेल का?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाला. "खरंच माहीत नाही."

ही वाक्यं संपता संपता स्केवोसला मागे कुणीतरी आहे असं जाणवलं. सेवस्ती दारात होती, हातात ओला टॉवेल. किती वेळची उभी होती कोण जाणे. तो वळला आणि त्याने आईचा चेहरा बघायची तयारी केली. जन्मभर ज्याला भ्याला ते आलंच आहे तर येऊ दे, असंही त्याला वाटलं. शिव्या दे बाई, टॉवेल तोंडावर फेक. पण ती त्याच्याकडेच बघत होती, टक लावून, डोळे मोठे होत चाललेले.

"दादा," ती म्हणाली, "द्रोसोस कुठंय?"

गाडी त्याने कशी चालवली ते देवाला ठाऊक. नदीचा पूल, गिरणीचं कुंपण, मग चढ. एरवी तो या रस्त्याने जाताना आपण रंगवलेलं काय काय दिसतं ते अभिमानाने बघायचा. आज प्रत्येक रंगवलेली वस्तू त्याच्याकडे बघत होती. सेवस्तीने त्याला धक्का मारून जिन्यापर्यंत नेलं होतं, "जा, जा ना रे," एवढंच म्हणत. सांगितलं असतं तर शुक्रवारी. एक वाक्य होतं. दोन आकड्याचं घेऊ नको. एवढंच म्हणायचं होतं, का ते नंतर बघितलं असतं. अजून सुरू केलं नसेल पोराने. थेमेलिसची पाठ दुखते, तो सोमवारी उशिराच येतो. किंवा जुनंच पिंप उघडलं असेल, पोरं ऐकतात कुठं बापाचं? न ऐकणारी पोरं देवाने आजच्या दिवसासाठी ठेवलेली असू देत. देवा, डोळे झोंबू देत त्याचे. रक्तासारखे लाल होऊ देत.

टाकीवर थेमेलिसआजोबा दिसले, तोंडाशी मांडी घालून, दोर हातात. स्केवोस लोखंडी शिडी चढत होता आणि खालूनच ओरडत होता, ओढा, वर घ्या त्याला. वाऱ्याने म्हाताऱ्याला ऐकू जाईना. "काय रे बाबा, आग लागली का?" म्हातारा म्हणाला. "मस्त चाललंय पोराचं. शनिवारीच अर्धं उरकलं, बापाला चकित करायचं म्हणाला. आज सकाळपासून एकदाही वर आला नाही बघ, असं काम मी…" स्केवोसने त्याच्या हातातून दोर हिसकावला. बाजूला पिंप होतं, झाकण काढलेलं, तळाला आलेलं. हवेत तो गोडसर वास होता, इतका पुसट की शोधावा लागावा.

त्याने ओढलं. हळू की जोरात, ते त्याला कळेना. हात बाबांचे होते. आतून दोराला एक हिसका आला. ठीक आहे. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा एक हिसका. मग आतून वैतागलेला आवाज घुमला आणि शिडीवर पाय वाजू लागले. आधी हात आले, रंगाने माखलेले, मग टोपी, मग द्रोसोसचा चेहरा, तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं, उन्हात डोळे किलकिले करत हसणारा.

"काय मामा, जीव खाताय का! दोन हात राहिले होते फक्त." त्याने टाकीच्या काठावर बसून छाती भरून वारा घेतला. "बाबा म्हणाले ते खरं हं. शनिवारी जरा डोकं चढलं, ओकलो, दूध प्यायलो, संपलं. आणि हे बघा," त्याने दोन बोटांनी पापण्या ताणून चेहरा स्केवोसच्या चेहऱ्याजवळ आणला, "टिपूससुद्धा नाही."

डोळे पांढरेशुभ्र होते.